खालून सहाच दिसतात

गेल्या महिन्यात ओळीचं उद्घाटन झालं. फीत कापली, भाषणं झाली, आणि जमलेल्या लोकांनी माना वर करून "वा, वा" म्हटलं. वर बघण्यासारखं काहीच नव्हतं. छपराखालून चारही इमारतींवर जो पट्टा जातो तो गुळगुळीत, पांढरा आणि कोरा होता. शेजारची एक बाई मला म्हणाली, "किती स्वच्छ दिसतंय ना!" मी म्हटलं, "हो, धुऊनच काढलंय." तिला काही कळलं नाही आणि मीही सांगत बसले नाही.

ओळ म्हणजे आमच्या गावातला सगळ्यात जुना बाजार. एकमेकींना खांदा लावून उभ्या असलेल्या चार इमारती, खाली कमानी, कमानींत दुकानं, वर राहती घरं. वय एकशे तीस वर्षं. वरच्या पट्ट्यावर ठरावीक अंतरावर चुन्याचं एकेक फूल, ताटाएवढं. एका इमारतीला चाळीस, अशी एकशे साठ फुलं. ती कुणाच्या डोक्यातून आली कोण जाणे, पण ती सांभाळायचं काम तीन पिढ्या आमच्या घराकडे होतं. आधी आजोबा, मग आबा म्हणजे माझे वडील, मग माझा भाऊ. फूल तडकलं की उतरवायचं, साच्यातून नवं काढायचं, वर चढवायचं. कोपऱ्यावरच्या इमारतीच्या मागे आमची कामाची खोली होती. तिला एक खिडकी, एका बाजूला चुना मुरवायचा हौद, भिंतीला साच्यांची फळी. दारात पाऊल ठेवलं की ओल्या चुन्याचा वास नाकात शिरायचा आणि आत पाठमोरा बसलेला भाऊ वळूनसुद्धा न बघता म्हणायचा, "चपला बाहेर."

त्याला सगळा बाजार दादाच म्हणतो, त्याच्याहून मोठी माणसंही. तो आता चौसष्टचा आहे, मी त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. तो फार कमी बोलतो. त्याच्या वाटचंही मी बोलते असं वहिनीचं म्हणणं, आणि ते खोटं नाही. माझ्या जिभेला हाड नाही. त्याच पायी सासरी माझं चार वर्षांच्या वर निभलं नाही. पिशवी घेऊन परत आले तेव्हा का आलीस, किती दिवस राहणार, असं दादाने एका शब्दाने विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हातात चाळणी दिली. तेव्हापासून मी त्याचा चुना चाळत आले.

पण जे सांगायचंय ते याच्या बरंच आधी सुरू होतं. मी तेरा वर्षांची होते आणि दादा एकोणीसचा. कोपऱ्यावरच्या इमारतीची सगळी फुलं खिळखिळी झाली होती. आबांनी मजूर लावून ती पाडून टाकली, आठवडाभरासाठी परांची बांधून घेतली आणि नेमकी त्याच दिवशी त्यांची पाठ धरली. अंथरुणावरूनच ते दादाला म्हणाले, "तू कर. पण साचा कुणाच्या हातात द्यायचा नाही." तोवर दादाने नुसता चुना मळला होता, साच्याला आबांखेरीज कुणी हात लावत नसे. आधी साचा वर पट्ट्याला लावून माप घ्यायचं होतं. गोणपाटात गुंडाळलेला तो आजोबांच्या वेळचा साचा घेऊन आम्ही घरून निघालो आणि मी वाटभर भुणभुण लावली, मला धरू दे, मला धरू दे. शेवटी वैतागून त्याने दिला. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर तो माझ्या हातून सुटला. इतक्याशा उंचीवरून पडला, तरी गोणपाट सोडून पाहिलं तर आत भुगा.

तुकडे जुळेनात. नवा साचा करायचा तर जुनं फूल समोर हवं. पाडलेल्या फुलांचा चुरा मजुरांनी उचलून नेला होता. बाकीच्या तीन इमारतींवर फुलं होती, पण तीस फूट उंच, आणि आमच्या परांचीवरून ती नुसती कडेने दिसायची, पाकळ्या मोजता येत नव्हत्या. तिथे शिडी लावायची तर खालच्या दुकानदाराला विचारावं लागणार आणि तो संध्याकाळच्या आत आबांच्या कानावर घालणार. म्हणून दादा रस्त्याच्या मधोमध उभा राहिला आणि मान वर करून त्याने पाकळ्या मोजल्या. सहा. डोळे चोळून परत मोजल्या. सहा. मला विचारलं, मीही सहा म्हटलं. जन्मापासून डोक्यावर असलेली फुलं, पण रोज समोर असलेलं कोण मोजतं? आमच्या जुन्या घराला पायऱ्या किती होत्या हे मला आजही सांगता येणार नाही. दादाने पुडीच्या कागदावर चित्र काढलं, मातीचं फूल केलं, त्यावरून साचा काढला आणि आठवड्यात चाळीस फुलं वर चढवली.

खरं फूल आठ पाकळ्यांचं होतं. फुलाच्या मध्ये नारळाच्या वाटीएवढा गोळा असतो आणि खालून बघणाऱ्याला वरच्या दोन पाकळ्या त्या गोळ्याआड जातात.

महिन्याभराने आबांची पाठ सुटली. ते शिडी लावून वर गेले आणि एका फुलावरून बोटं फिरवत राहिले. मग खाली उतरून म्हणाले, "साचा कुठंय?" मी दाराआड उभी होते. दादा म्हणाला, "माझ्या हातून पडला." आबांनी हात उगारला नाही. एवढंच म्हणाले, "केलीस ना चूक? आता ती तिथेच राहील. रोज तिच्याखालून जा." त्यानंतर वर्षभर त्यांनी त्याच्या हाती थापी दिली नाही, नुसता चुना मळायला लावला, आणि त्याच्याशी सरळ तोंडाने बोलले नाहीत. काही हवं असलं की मला सांगायचे, "तुझ्या भावाला सांग." आणि मी सांगायचे. खरं काय ते मात्र सांगितलं नाही. एरवी दिवसभर टकळी चालू असायची माझी.

पुढे दादाने दुसऱ्या इमारतीवरच्या फुलावरून आठ पाकळ्यांचा साचा केला आणि जन्मभर खरीच फुलं केली. कोपऱ्यावरची चाळीस तशीच राहिली. धडधाकट फूल उतरवायला कुठला मालक हो म्हणेल? आणि ती मोडण्यातली नव्हतीच, भीतीने हात चालत होता तेव्हा पोराचा, चुना दुप्पट मळला होता. कोपऱ्यावरून जाताना दादा मान खाली घालायचा. लोक म्हणायचे, किती नम्र माणूस आहे.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी अकराच्या सुमारास जमीन हलली. पाऊण मिनिटसुद्धा नसेल. तीन इमारती जागच्या जागी बसल्या. अकरा माणसं गेली, त्यांत आमच्या समोरचा शिंपी होता आणि त्याच्याकडे कपडे न्यायला आलेली एक बाई होती. कोपऱ्यावरच्या इमारतीचा मागचा भाग कोसळला आणि आमची खोली, हौद, फळीवरचे साचे सगळं त्याखाली गेलं. दादा वाळू बघायला नदीवर गेला होता म्हणून वाचला. पुढची भिंत तेवढी उभी राहिली, आणि तिच्यावर सतरा फुलं, एकही टवका न उडालेली. दादाने केलेली, सहा पाकळ्यांची.

मग मलबा उचलायची घाई झाली. कुणीतरी मोठा माणूस पाहणीला येणार होता. आठ दिवसांत ट्रक लावून सगळं गावाबाहेरच्या खड्ड्यात ओतलं, त्यावर रोलर फिरवला आणि बस उभ्या करायला जागा केली. दादा दोन दिवस पोतं घेऊन त्या ट्रकांमागे चालत होता. एक अख्खं फूल मिळालं तर बघायचं होतं त्याला. ड्रायव्हरने हाकलून दिलं, "काका, चेंगराल." एकशे वीस खरी फुलं त्या खड्ड्यात गेली. आणि वर्षभराने समिती आली आणि पुरावे शोधायला लागली.

समितीचं म्हणणं, ओळ जशी होती तशी बांधायची. शाळेच्या जुन्या सभागृहात त्यांचं कार्यालय होतं. टेबलांवर नकाशे, भिंतीवर जुने फोटो. ते फोटो रस्त्यावरून काढलेले, त्यात फुलं म्हणजे नुसते ठिपके. कामावर एक तरुण बाई होती, सगळे तिला मॅडम म्हणायचे. मॅडम वाईट नव्हती. वाईट असती तर मला बरं पडलं असतं, आज शिव्या घालायला कुणीतरी असतं. ती उन्हात डोक्यावर टोपी घालून भिंतीची एकेक वीट मोजायची आणि म्हाताऱ्यांना खुर्ची द्यायची.

भूकंपात घरही गेलं होतं, तेव्हा आम्ही तिघं पत्र्याच्या एका खोलीत राहत होतो, अजूनही तिथेच आहोत. दहा बाय बाराची जागा, एक खाट, खाटेखाली दादाची वाचलेली हत्यारं, मध्ये पडदा. उन्हाळ्यात भिंतीला हात लागला तर चटका बसतो. चुना मुरवायला जागा नाही, म्हणून दादा गवंड्यांच्या हाताखाली साधा गिलावा करत होता, तोही बोलावलं तर. अशात समितीची जाहिरात लागली: फुलांसाठी कारागीर हवेत, ओळीवरच्या फुलाचा नमुना करून आणावा, ज्यांची निवड होईल त्यांना नव्या इमारतीत तळमजल्यावर कामाची खोली मिळेल. वहिनीने त्या दिवसापासून मनात खोली लावायला घेतली. हौद कुठे, फळी कुठे, आणि "वन्सं, तुमची चाळणी दाराजवळ नको हं, धूळ आत येते." दादाला खोलीही हवी होती, पण त्याहून त्याला ती फुलं हवी होती. चारही इमारतींवर आबांची आठ पाकळ्यांची फुलं स्वतःच्या हाताने चढवायची, कोपऱ्यावरसुद्धा. पंचेचाळीस वर्षं मान खाली घालून चाललेल्या माणसाला एकदा वर बघायचं होतं.

साचा नव्हता, तर त्याने हातानेच फूल घडवलं. पंधरा दिवस खाटेवर पाट ठेवून बसला होता. मी त्याची शेकडो फुलं पाहिली आहेत. त्या फुलासारखं एकही नव्हतं.

आम्ही दोघं खोका धरून सभागृहात गेलो. मधल्या टेबलावर काचेची पेटी होती आणि तिच्यात कोपऱ्यावरच्या भिंतीवरून उतरवलेलं एक फूल. खाली पाटी: "मूळ नमुना, सुमारे एकशे तीस वर्षांपूर्वीचा." दादा वाकून बघत राहिला, आणि मग हसला. मी त्याला असं हसताना क्वचित पाहिलंय.

"काय झालं काका?" मॅडमने विचारलं.

"काही नाही. चांगलं टिकलंय."

"हो ना! त्या काळच्या कारागिरांची गोष्टच वेगळी होती."

ठेकेदाराने आमचं फूल खोक्यातून काढलं आणि पेनाने मोजलं. "एक, दोन, तीन... आठ. काका, दोन पाकळ्या जास्तीच्या दिल्यात!" आजूबाजूचे दोघंतिघं हसले. मॅडम हसली नाही. हळूच म्हणाली, "काम सुंदर आहे, पण मूळ नमुन्याशी जुळत नाही. पुढच्या सोमवारपर्यंत दुसरं आणाल का? तुमच्यासाठी थांबते मी."

बाहेर पायऱ्यांवर येईपर्यंत मी कसंबसं तोंड बंद ठेवलं.

"दादा, जा आत आणि सांग त्यांना."

"काय सांगू?"

"की ते फूल तू केलंयस. खरं फूल तुझ्या हातात आहे म्हणून."

"त्यांचा अहवाल छापून झालाय. पुढं मंजुऱ्या झाल्यात. कशाला उगीच?"

"मग काय करणार आहेस?"

"सहाचं करतो. त्यांना सहा हव्या, सहा देतो." मग खोका काखेत मारून म्हणाला, "एकदा वर चढू दे मला. मग बघू."

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं, पण डोक्यात शिरलं नाही. माझं डोकं तोवर तापलेलं होतं. त्याने खरोखर सहाचं फूल करायला घेतलं. ज्या चुकीपायी आबांनी वर्षभर त्याचं तोंड पाहिलं नाही तीच चूक तो पुन्हा घडवत होता, वर बारीक शीळ घालत. मला ते बघवेना. आणि खरं सांगायचं तर त्यात माझाही स्वार्थ होता. मला वाटलं, आता सांगितलं तर दादाचं नाव होईल, सत्कार होईल, मॅडम त्याला सगळ्यांसमोर बोलावील, आणि तिसऱ्या पायरीवरचं ते माझं ओझं एकदाचं उतरेल.

शुक्रवारी दुपारी मी एकटी सभागृहात गेले आणि सगळं ओकले. साचा, शिडी, रस्त्यावरून मोजणं, आबा. मॅडमचा चेहरा उतरत गेला. तरी तिने पाणी दिलं, सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, "मावशी, आठ पाकळ्यांचं एखादं जुनं फूल, साचा, चित्र, काहीतरी आहे?"

"खड्ड्यात आहेत ना एकशे वीस. खणा की."

"तिथे आता बस थांबतात, मावशी."

"मग माझ्या भावाच्या हातात आहे. त्याचं फूल बघितलंत ना तुम्ही?"

तिने पुन्हा काहीतरी लिहिलं.

त्यांनी पेटीतल्या फुलाचा कण काढून तपासायला पाठवला. मी म्हटलं तसंच निघालं, फूल पन्नास वर्षांच्या आतलं. दोन महिन्यांनी पत्र आलं. पेटीतला नमुना मूळचा नाही. आठ पाकळ्यांच्या फुलाला कारागिराच्या बहिणीने दिलेल्या तोंडी माहितीखेरीज आधार नाही. आधार नसलेलं काहीही बांधायचं नाही असा नियम आहे. सबब पट्टा साधा ठेवण्यात येत आहे आणि फुलांचे सर्व अर्ज बंद करण्यात येत आहेत. म्हणजे फूल खोटं ठरवायची वाट दाखवायला माझं तोंड चाललं, खरं ठरवायला चाललं नाही. भिंतीवरची उरलेली सोळा फुलं त्यांनी छिन्नीने उतरवली. ती निघता निघत नव्हती, मजूर वैतागले होते.

पत्र दादाने वाचलं, घडी करून खिशात ठेवलं. वहिनी पीठ मळत होती.

"अहो, काय लिहिलंय?"

"फुलं रद्द झाली."

"रद्द? म्हणजे खोली?"

"खोली पण."

"असं कसं एकाएकी? काय कारण?"

मी खाटेवर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. दादाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाला, "पेटीतलं फूल जुनं नाही, मी केलेलं आहे, हे मी मॅडमला बोललो. माझ्या तोंडून गेलं."

वहिनीचे हात पिठातच थांबले. "तुमच्या तोंडून? जन्मात कधी दोन वाक्यं धड बोलला नाहीत, आणि तोंड उघडलंत ते हे करायला? एक वेळ वन्संनी केलं असतं तर मी समजले असते!"

"तिचा काय संबंध?" दादा म्हणाला.

हातात टॉवेल होता. मी त्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. तेव्हा बोलायला हवं होतं, एवढं एक वाक्य होतं. मी उठून टॉवेल दोरीवर टाकला, वाळलेला असून.

त्यानंतर चार दिवसांनी झाडताना खाटेखाली सगळ्यात मागे गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी लागलं. ओढून बाहेर काढलं. नवा कोरा साचा होता, एकदाही न वापरलेला. मी आत बोट घालून मोजलं. आठ. समितीला दाखवायचं सहाचं फूल त्याने पाटावर ठेवलं होतं, आणि पडद्यामागे, आम्ही दोघी झोपलेल्या असताना पहाटे उठून, हा साचा तयार करून ठेवला होता. एकदा वर चढला असता तर एकशे साठच्या एकशे साठ खरी चढवली असती त्याने. मॅडमने, ठेकेदाराने, साऱ्या गावाने खालून मान वर करून मोजली असती, आणि खालून सहाच दिसतात. मी साचा होता तसा गुंडाळला आणि मागे सारला. या वेळी दोन्ही हातांनी धरला होता.

या गोष्टीला आता आठ महिने झाले. आमची खोली जिथे होती तिथे भेटवस्तूंचं दुकान आलंय, आणि त्यात ओळीचं चित्र असलेले कप मिळतात, कोऱ्या पट्ट्याचे. दादा कामाला जाताना त्या कोपऱ्यावरूनच जातो. मान खाली घालायची सवय गेलेली नाही. वहिनी त्याच्याशी त्या दिवसापासून सरळ बोललेली नाही. तो तीन हातांवर बसलेला असतो तरी ती माझ्याकडे बघून म्हणते, "वन्सं, तुमच्या भावाला विचारा, चहा हवा का."

आणि मी विचारते, "दादा, चहा हवा का?"